पहारेकऱ्याच्या भाल्याचं टोक

कुण्या एका काळी डोंगराच्या पायथ्याशी एक बाजारगाव होतं. गावाच्या वेशीवर एक पहारेकरी असायचा. माणूस लाखातला! उन्हातून आलेल्याला पाणी पाजायचा, म्हाताऱ्यांची ओझी उतरवून द्यायचा. गावचे लोक गव्हाळ वर्णाचे, डोंगरापलीकडचे काळेभोर. पण पाणी देताना त्यानं कधी रंग पाहिला नाही.

त्या बाजाराची एक रीत होती. विकायला आलेल्यानं कमरेच्या शेल्यातून आपल्या मालाची वानगी, म्हणजे थोडासा नमुना, काढून पहारेकऱ्याला दाखवायची. मगच आत सोडत.

एकदा डोंगरापलीकडचा एक तरुण मध घेऊन आला. पहारेकऱ्यानंच सांगितलं, "वानगी दाखव." तरुणानं शेल्यात हात घातला मात्र, पापणी लवायच्या आत पहारेकऱ्याचा भाला त्याच्या खांद्यात घुसला.

तरुण कोसळला. त्याच्या मुठीत मधाची इवलीशी कुपी होती. वैद्य धावत आले. म्हणाले, "चार बोटं खाली लागता तर संपलंच होतं."

वेशीजवळ हळदीचे एक व्यापारी बसत, त्यांना पहारेकरी म्हणाला, "शेठ, मला वाटलं सुरीच काढतोय! माझ्या मनात या लोकांबद्दल काही वाकडं आहे का? तुम्हीच सांगा."

"नाही रे बाबा. असतं तर सोपं होतं, तुला हाकलून मोकळे झालो असतो," शेठ म्हणाले. "आमच्या पेठेत एक गूळवाला होता. सचोटीचा माणूस, तरी गिऱ्हाइकं ओरडायची. शेवटी कुणीतरी त्याला रिकामा तराजू उचलायला लावला. बघतो तर एक पारडं आपलं खाली! त्यानं जन्मात कधी मुद्दाम कमी तोललं नव्हतं. पण रिकामा तराजूही कधी पाहिला नव्हता."

"मग मी काय करू?"

"टोकाला जाड गोणपाट बांध आणि पुढच्या बाजारी उभा राहा. मी खोकलो, की फक्त भाल्याच्या टोकाकडे बघायचं."

बाजाराचा दिवस उजाडला. गावचा कापडवाला आला, शेल्यात हात घातला. शेठ खोकले. टोक जमिनीवर. गावचाच तेलवाला आला तो करवादतच, "दर खेपेला कसली रे वानगी? चल, हो बाजूला!" आणि हिसका देऊन त्यानं शेल्यात हात खुपसला. शेठ खोकले. टोक जमिनीवरच.

मग डोंगरापलीकडची एक म्हातारी चिंच घेऊन आली. "बरा आहेस ना, लेका?" म्हणत तिनं कमरेला हात नेला. शेठ खोकले. पहारेकऱ्यानं पाहिलं, तर टोक म्हातारीच्या छातीसमोर!

"मी उचलला नाही, शेठ! आईशप्पथ, मी नाही उचलला!"

"तेच तर दाखवतोय," शेठ हळूच म्हणाले.

पहारेकरी त्यांच्या पाया पडला आणि तसाच डोंगर चढून त्या तरुणाच्या घरी गेला. म्हणाला, "दादा, तू सुरी काढत होतास, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. खरं तर मी तुझ्या हाताकडे पाहिलंच नव्हतं. तुझ्या तोंडाकडे पाहिलं होतं."

"आज सांगतोस?"

"आजच कळलं."

"कळून वेशीवर काय बदललं?" तरुणानं विचारलं.

"भाला आता भिंतीला टांगलाय. समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसल्याशिवाय भाल्याला शिवायचं नाही. कापडवाला असो, तू असो, नियम एकच. आणि मी चुकलो तर टोकायला शेठ शेजारीच बसतात."

तरुण म्हणाला, "माफ केलं असं नाही म्हणत मी. पण पुढच्या बाजारी येईन."

पहारेकऱ्यानं हात जोडले. त्याचे डोळे भरून आले. इतकं मोठं दान त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं.

तात्पर्य एवढंच: मन साफ आहे एवढ्यावर विसंबून हाती शस्त्र धरू नये, आपला हात कुणाला पाहून उठतो ते आधी तपासावं, आणि जो ते दाखवून देईल त्याचे उपकार मानावेत.