पणजोबांची कोरी घरहोडी

“घरहोडी हवी आमच्या पणजोबांच्या काळची, आणि तीही कोरी करकरीत!”

शिदोजीराजांनी हुकूम सोडला आणि धाकोजी मेस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं असं, की शेजारच्या राजाने शिदोजीराजांना आपल्या घरहोडीतून खाडीत फिरवलं. पाण्यावर तरंगणारं ते लाकडी घर, आत दिवाणखाना, मुदपाकखाना, पुढे बसायला सज्जा! “आमच्या पणजोबांची आहे बरं का,” असं शेजाऱ्याने दहादा ऐकवलं. जुन्या लाकडाच्या कुबट वासाने शिदोजीराजांना शिंकांवर शिंका आल्या, पण तो पणजोबा काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

“महाराज, होडी जुनी म्हटली की लाकूड जुनं असणारच...” धाकोजी चाचरले.

“ते मला सांगू नका! चार पिढ्या घरहोड्या बांधता ना? मग आमचे पणजोबा ज्या होडीत बसले, तीच आणा. आणि तिच्यात एक जरी जुनी फळी सापडली, तर खाडीकाठचा तुमचा कारखाना बंद! तीन महिने दिले.”

धाकोजी पाय ओढत घरी आले. घर म्हणजे तरी काय, कारखान्याशेजारी बांधून ठेवलेली त्यांची स्वतःची घरहोडी. पुढच्या फळीवर बसून सूनबाई आवडी कापूस राळेत भिजवत होती. फळ्यांच्या फटी बुजवाव्यात तर आवडीनेच, असं सगळा काठ म्हणायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. आता धाकोजी तिला विचारल्याशिवाय होडी पाण्यात सोडत नसत.

सासऱ्यांनी सगळं सांगितलं. आवडीने हात पुसले.

“मामंजी, थोरले महाराज म्हणजे आत्ताच्या महाराजांचे पणजोबाच ना? पुराच्या साली ते आपल्याकडे राहिले होते, असं तुम्हीच सांगता.”

“तेरा दिवस! राजवाड्यात पाणी शिरलं होतं. याच होडीत राहिले, नाचणीची भाकरी खाल्ली. ही माझ्या आजोबांच्या वडिलांनी बांधली, पोरी.”

“मग होडी सापडली की!”

“अगं, पण हिच्यात जुन्या फळ्या आहेत!”

“एक काढायची, एक घालायची. कुजली की बदलतोच ना आपण? या खेपेला कुजायची वाट बघायची नाही, एवढंच.”

“आणि होडी राजांनी नेली, तर आपण राहायचं कुठं?”

“आधी कारखाना तर वाचू दे!” आवडी म्हणाली खरी, पण त्या दिवशी चुलीपाशी बसताना तिचाही हात जरा थबकला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. एका बाजूला लाकूड तासायचा वाकस चालायचा, दुसऱ्या बाजूला आवडीची चूल. नवऱ्याने फळी बसवली की आवडी फट बुजवायची. तळाचं काम आलं तेव्हा होडी काठावर ओढून घेतली, पण तिच्यातून बिऱ्हाड काही हललं नाही. शेवटी सुकाणूपाशी एकच जुनी फळी उरली. तिच्यावर मूळ पुरुषाच्या वाकसाच्या खुणा होत्या. धाकोजी तिच्यावरून हात फिरवत राहिले.

“हीसुद्धा?” त्यांनी विचारलं.

“हीसुद्धा, मामंजी,” आवडी हळूच म्हणाली.

धाकोजींनी ती स्वतः उचकटली आणि तिचा बसायला पाट केला.

तीन महिने भरले, होडी पुन्हा पाण्यात तरंगू लागली. राजे आले, दिवाणजी आले, दरबारचा सुतारही आला. सुतार टोचा घेऊन तळापासून छपरापर्यंत फिरला.

“सगळं लाकूड नवं, महाराज! जुनी फळी औषधालासुद्धा नाही!”

राजांनी नाक पुढे करून वास घेतला. ताज्या सागाचा घमघमाट! एक शिंक नाही!

“कोरी आहे, कबूल. पण आमच्या पणजोबांची कशावरून?”

“दप्तर बघावं, महाराज,” आवडी म्हणाली.

दिवाणजींनी पुराच्या सालचं दप्तर मागवलं आणि वाचलं, “थोरले महाराज मेस्त्रींचे घरहोडीत दिवस तेरा राहिले.”

“ती होडी वेगळी!” राजे गरजले.

“तीच ही, महाराज. पुढे तळ कुजला, तो आजेसासऱ्यांनी बदलला. छप्पर गळायला लागलं, ते मामंजींनी बदललं. उरलंसुरलं आम्ही बदललं. बिऱ्हाड एक दिवस मोडलं नाही.”

“म्हणजे त्या वेळचं एक लाकूड हिच्यात नाही! मग ही पणजोबांची कसली? ही तर काल-परवाची! मला फसवता?”

आवडीने पदर सावरला आणि हात जोडले.

“महाराज, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार!”

“आपल्या गादीवर थोरले महाराज बसले. ते गेले, आपले आजोबा आले. मग वडील, मग आपण. दिवाण बदलले, सरदार बदलले, देवडीवरचे पहारेकरीही बदलले. त्या वेळचं एक माणूस आज दरबारात नाही. मग हे राज्य पणजोबांचं, की काल-परवाचं?”

दिवाणजींनी हळूच दप्तर मिटलं.

“काल-परवाचं म्हणायचं असेल, तर होडीही काल-परवाची,” आवडी म्हणाली. “फक्त शेजारच्या राजांना तसं आपणच कळवावं!”

राजांच्या मिशा थरथरल्या. मग खांदे हलले. आणि मग ते असे खदाखदा हसत सुटले, की होडीच डुलायला लागली!

“पणजोबांचंच राज्य! आणि पणजोबांचीच होडी! दिवाणजी, खाडीचा हा काठ मेस्त्रींना वंशपरंपरा लिहून द्या. आणि पोरी, हे कडं तुला!” राजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हाती ठेवलं. “तुमची चूल मी हलवणार नाही. शेजाऱ्याला जेवायला मात्र इथंच बोलावीन!”

“मग महाराजांसाठी?” धाकोजींना धीर आला.

“आमच्यासाठी नवी बांधा, अगदी पहिल्या फळीपासून. पणजोबांची म्हणून मिरवायला माझा पणतू येईलच की!”