घाण्याच्या फळीवरचे धोंडे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा लांबून येणारा वाटसरू गाव ओळखायचा तो त्याच्या दिव्यावरून. गोष्ट लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी. कारण पोट भरलं की पोर ताटावरून उठून पळतं, थांबायचं विसरतो तो मोठा माणूस.

दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ आणि देवळापुढे उंच दगडी दीपमाळ. वर्षातून एकदा जत्रा भरायची. दुपारी पुरणपोळीची पंगत बसायची आणि दिवेलागणीला दीपमाळ उजळायची. खालचे दिवे कुणीही लावावेत, पण अगदी टोकावरचा दिवा लावायचा मान एकाच घराचा होता, गावाचा तेलाचा घाणा चालवणाऱ्या घराचा. डोंगरावरच्या वस्त्यांमधली माणसं अंगणात उभी राहून त्या एका दिव्याची वाट बघत. तो दिसला की हात जोडत आणि मगच आपल्या घरात दिवा लावत.

हा मान बापाकडून लेकाकडे येत येत सुभानाकडे आला होता. सुभाना तेव्हा ऐन तरुण. कमरेला तेलाची बुधली बांधायचा आणि दीपमाळेच्या दगडी हातांवर पाय देत खारीसारखा वर जायचा. खाली उभ्या त्याच्या बायकोचा, हौसाचा, ऊर भरून यायचा. मान वर करून बघताना डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला भान नसायचं.

आता या गावाची एक खोड होती. पाहुण्याला पोटभर वाढलं तर गावाला समाधान नव्हतं. पाहुण्याला पानावरून उठता आलं नाही पाहिजे, तरच ती पंगत! नको म्हणणाऱ्याला आणखी दोन पोळ्या, हात आडवा करणाऱ्याच्या हातावर तूप. अशाच एका जत्रेत नदीपलीकडच्या गावचा एक नामांकित खाणारा पंगतीला आला आणि मिशीवर ताव देत म्हणाला, की तुमच्या गावात माझ्या जोडीला बसेल असा कुणी दिसत नाही. सुभानाला राहवलं नाही. तो शेजारी बसला आणि खात सुटला. पलीकडचा गडी थांबला तरी हा थांबला नाही. टाळ्यांनी मांडव दणाणला. पाटलांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला आणि म्हणाले, गावाचं नाव राखलंस.

झालं! त्या दिवसापासून गावाचं नाव सुभानाच्या पोटावर येऊन बसलं.

लग्न असो, बारसं असो, सुभानाला पहिलं आमंत्रण. त्याच्या पानाभोवती माणसं गोळा व्हायची. एक पोळी गेली की एक आरोळी. लाडूंचं ताट रिकामं झालं की टाळ्या. हळूहळू टाळ्या नसल्या तरी हात तोंडाकडे जायला लागला. घाण्यावर बसल्या बसल्या तीळगूळ. राग आला की लोण्याचा गोळा आणि भाकरी. आनंद झाला तरी तेच. काहीच झालं नाही तर, काहीच होत नाही म्हणून. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, पण सुभानाच्या घरी पोटोबा उठायलाच तयार नव्हते आणि विठोबा दारात ताटकळत होते.

घाणा कसा चालतो ते ठाऊक आहे ना? बैल गोल फिरतो, त्याच्यामागे एक जाड फळी फिरते आणि त्या फळीवर वजन ठेवलेलं असतं. वजनाशिवाय तीळ दाबला जात नाही. सुभानाच्या फळीवर बापाच्या वेळचे धोंडे होते आणि त्यांच्या शेजारी बसून तो बैल हाकायचा. एका हिवाळ्यात बैल दर फेऱ्याला थांबायला लागला. सुभाना त्याच्यावर खेकसला, बैल आळशी झाला म्हणाला. हौसा उठली. तिनं एक धोंडा उचलून भिंतीशी ठेवला. बैल चालू लागला. पुढच्या वर्षी आणखी एक धोंडा उतरला. मग आणखी एक. सुभाना मात्र बैल म्हातारा झाला, बैल बदलला पाहिजे, हेच सगळ्यांना सांगत राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

शेवटी फळीवर धोंडा उरला नाही, फक्त सुभाना उरला. त्याच वर्षी जत्रा आली.

दुपारी पंगत झाली. सुभाना नेहमीसारखा जेवला, म्हणजे दोन घरांचं जेवला. दिवेलागणीला त्यानं बुधली कमरेला बांधली आणि दीपमाळेला पाय लावला. थोडा वर गेला आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. अर्ध्यावर गेला आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पाय सटकला. त्यानं दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारली म्हणून वाचला, पण बुधली सुटली आणि खाली फुटली. चार माणसांनी दोर टाकून त्याला उतरवलं. टोकावरचा दिवा त्या संध्याकाळी लागलाच नाही. डोंगरावरची माणसं किती तरी वेळ अंगणात उभी होती.

कुणी त्याला टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पाटील जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सुभाना, पुढच्या जत्रेला बघू. नाही जमलं तर हा मान दुसऱ्या घराला द्यावा लागेल. दीपमाळेचं टोक अंधारात ठेवून चालायचं नाही."

सुभाना घरी आला आणि सरळ लाडवाच्या डब्याकडे गेला. दुःख झालं होतं ना! डबा रिकामा झाला, दुःख होतं तिथेच राहिलं.

सकाळी तो घाण्याशी गेला. स्वतःवरचा राग घाण्यावर काढत त्यानं ओंजळीमागून ओंजळी तीळ ओतले. घाणा तुंबला. तीळ चिरडणारी लाकडी लाट फिरेना, तेल येईना, तिळाचा चिकट गोळा तेवढा काठावर चढला. हौसा दारातून बघत होती. ती आत आली, त्याच्या शेजारी बसली आणि तो गोळा हातानं काढू लागली.

"घाण्यात किती घालायचं ते तुमच्या बापानं तुम्हाला शिकवलं," ती म्हणाली. "मूठभर जास्त झालं तर तुम्ही गड्यावर ओरडता. मग आपल्या पोटाचं माप लोकांना का ठरवू देता?"

सुभानानं मान वर केली. त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे धोंडे एकावर एक ठेवलेले होते, आणि त्यांच्यावर धूळ बसली होती. बैल कधी म्हातारा झालाच नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मग तो आठवू लागला, की आपल्याला शेवटची भूक कधी लागली होती? खरी, पोटातून आलेली भूक? काही केल्या आठवेना. पोळ्या आठवत होत्या, टाळ्या आठवत होत्या, भूक मात्र आठवत नव्हती.

बदलायचं ठरलं. पण माणूस उतावळा, पी हळद आणि हो गोरी. दुसऱ्याच दिवशी सुभानानं अन्नाला शिवायचं नाही अशी शपथ घेतली. संध्याकाळपर्यंत बैलावर, हौसावर, उंबऱ्यावरच्या मांजरावर चिडला आणि अंधार पडल्यावर दुप्पट जेवला. हौसा हसून हसून दमली. मग तिनं शांतपणे सांगितलं, की उपास करायला कुणी सांगितलं नाही, घास तोंडात घालायच्या आधी एवढंच विचारा, की हा घास कोण मागतंय? पोट मागत असेल तर पोटभर द्या. जीभ मागत असेल तर तिला एक घास द्या. लोक मागत असतील तर त्यांना म्हणावं, तुम्हीच खा.

सुभाना विचारायला लागला. पहिल्या पहिल्यांदा उत्तरच येईना, कारण पोटाला बोलायची सवय राहिली नव्हती. घाण्यावर बसून खाणं त्यानं सोडलं, भूक लागली की पान मांडून बसायचा. भाकरी, भाजी, ताक, वाटीभर आमटी. तीळ दाबायला फळीवर बसावंच लागे, पण रोज सकाळी बैलाला चरायला नेताना तो त्याच्या बरोबरीनं चालू लागला. एका लग्नात मोह झाला, आग्रहाला बळी पडला, घरी येऊन पोट धरून बसला. पण सकाळी उठून पुन्हा बैलाशेजारी चालायला लागला. एकदा घसरला म्हणून वाट सोडून द्यायची नसते.

पाऊस आला आणि गेला. एक दिवस हौसानं पाहिलं, तर सुभाना भिंतीशी वाकला होता. त्यानं सगळ्यात वरचा धोंडा उचलला, पुसला आणि फळीवर ठेवला. तिच्याकडे बघून तो नुसता हसला. हिवाळ्यात दुसरा धोंडा चढला. मग तिसरा.

आणि जत्रा आली.

नदीपलीकडचा तो खाणाराही आला. आता त्याला धरून बसवावं लागत होतं, तरी मिशीवरचा ताव तसाच होता. गाव दोघांभोवती जमलं. वाढपी टोपली घेऊन उभे राहिले. म्हातारेकोतारे ओरडले, की सुभाना, गावाचं नाव राख! सुभाना पानावर बसला. एक पोळी त्यानं सावकाश खाल्ली. पुरणात जायफळ असतं हे त्याला किती तरी वर्षांनी कळलं. दुसरीही तेवढ्याच प्रेमानं खाल्ली. वाढपी तिसरी घेऊन वाकला, तेव्हा सुभानानं पानावर हात आडवा धरला.

"पुरे," तो म्हणाला.

त्या गावात हा शब्द कुणी खरा मानतच नव्हतं. कुणीतरी खिदळलं, कुणी म्हणालं वाघाची शेळी झाली. वाढप्यानं तूप हातावर ओतायला वाटी वाकवली. सुभानानं हात काढला नाही.

"माझ्या पोटात गावाचं नाव नाही," तो म्हणाला आणि दुसऱ्या हातानं दीपमाळेचं टोक दाखवलं. "गावाचं नाव तिथं आहे. मला तिथवर जायचंय."

वाढप्याची वाटी सरळ झाली. पाटील स्वतः उठले आणि त्याच्या हातावर पाणी घालायला आले.

दिवेलागणीला सुभानानं बुधली बांधली. गाव श्वास रोखून खाली उभं होतं. तो सावकाश चढला, खारीसारखा नाही, पण एकदाही न थांबता. अर्ध्यावरचा, गेल्या वर्षी मिठी मारलेला दगड आला, तेव्हा त्यानं त्याला हात लावून नमस्कार केला आणि पुढे गेला. टोकावर वात पेटली. क्षणभरानं या डोंगरावर एक दिवा लागला, मग त्या डोंगरावर, आणि बघता बघता दोन्ही डोंगर उजळून निघाले. खाली टाळ्या वाजल्या. पण सुभानाचे कान त्या टाळ्यांकडे नव्हते, तो खाली हौसाला शोधत होता. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तिला भान नव्हतं.

तो उतरला तेव्हा नदीपलीकडचा खाणारा अजून पानाशीच बसून होता, त्याला उठता येत नव्हतं. त्यानं सुभानाचा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, की हे जमतं कसं? सुभाना त्याच्याशेजारी मांडी घालून बसला आणि भिंतीशी पडलेल्या धोंड्यांपासून सगळं सांगू लागला.

त्या वर्षापासून गावाची पंगत बदलली. वाढपी आजही प्रेमानं विचारतात, पण पानावर हात आडवा झाला की टोपली पुढे जाते, आणि त्याचा गावाला मोठा अभिमान आहे. सुभानाच्या घाण्याच्या फळीवर बापाच्या वेळचे सगळे धोंडे परत आले. तो बैलाच्या बरोबरीनं चालायचा, आणि बैलाला म्हातारा म्हणायची मग कुणाची हिंमत झाली नाही.

तात्पर्य: टाळ्यांसाठी खातो तो लोकांची करमणूक करतो, आपली भूक ओळखून वेळेवर 'पुरे' म्हणतो तोच आपला मान राखतो.