दाराचा ओरखडा

वाळू शहाणी होऊन गणितं करू लागली, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर घरच्या कुकरला विचारा!

वाळूपासून संगणकाची चिप बनवणाऱ्या एका यंत्राला पोलादी दार होतं. दार आणि चौकट यांच्यामध्ये काळी रबरी रिंग बसे. आत जहरी वायू धगधगत, तरी बाहेरच्या हवेचा कण आत शिरत नसे.

"ही माझ्या गुळगुळीत अंगाची करामत!" दार मिरवायचं. "रिंगबाई, तुम्ही नुसत्या चेपून घ्यायला!"

"चेपते खरी, दादा," रिंग हसायची.

वर्षभराने रिंगची मुदत भरली. कारागिरीणबाईंनी ती काढून टेबलावर ठेवली. "आता बघा गंमत," म्हणत दार एकटंच धाडकन मिटलं. आतली हवा उपसणाऱ्या पंपाला धाप लागली. तो ओरडला,

"दारोबा, हवा शिरतेय! अशानं तुम्ही भंगारात जाल!"

दाराला घाम फुटला. टेबलावरच्या रिंगवर त्याला केसासारखी बारीक, वर उठलेली रेघ दिसली. "ही कसली हो?"

"तुमच्या अंगावर ओरखडा आहे, दादा. वर्षभर तो मीच बुजवून होते, त्याचीच ही रेघ."

नवी रिंग आली, तेव्हा दार हळूच म्हणालं, "या ताई. इथं जरा सांभाळा, इथं माझा ओरखडा आहे."