गजराचा कारभारी

"कुत्रं? मग खोली नाही!"

टेंभुरगडच्या पेठेत गजरा सकाळपासून हेच ऐकत होती. गजरा जन्मांध. पेठेत तिला खाटा-बाजा विणायचं काम मिळालं होतं, भाडं द्यायचीही तयारी होती, पण सोबत कारभारी होता ना! कारभारी म्हणजे तिचा लांब कानांचा कुत्रा. तो पुढं चालायचा, खड्डा आला की थांबायचा, पायरी आली की थांबायचा, आणि त्याच्या मागं गजरा गावभर बिनघोर फिरायची. पण ऐकतो कोण? एक घरवाला म्हणाला, चपला पळवील. दुसरा म्हणाला, रात्रभर भुंकेल. तिसऱ्या घरच्या बाईनं "आमच्या मांजरीला विचारून सांगते" म्हणून दार लावलं, ते लावलंच!

उरल्या फक्त राजवाड्याला लागून बांधलेल्या नव्या खोल्या. त्या खुद्द राजे धारराव द्यायचे, आणि राजे म्हणजे हट्टाचा नुसता पुतळा! धर्मशाळेतला मुक्काम संपत आलेला, तेव्हा गजरा थेट वाड्याच्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली.

वरून संभू चोपदाराची ललकारी आली. "आस्ते कदम! निगाह रखो! पायरी, सरकार! पायरी, सरकार!"

प्रत्येक हाकेमागून एक जोडा पायरीची कड चाचपत होता. खर्र... थप. खर्र... थप. गजरानं कान टवकारले आणि गालातल्या गालात हसली.

"खोली मिळेल," खाली उतरून गजराचं मागणं ऐकल्यावर राजे म्हणाले, "पण कुत्रं चालणार नाही. काठी घे!"

"सरकार, काठी खड्डा सांगते. उधळलेला बैल थोडाच सांगते?"

"नसते लाड! असं दुसऱ्याच्या भरवशावर कुणी चालतं का?"

"चालतात की, सरकार. चांगले डोळस चालतात!"

राजे खवळले. "अस्सं? मग धडधाकट, दोन डोळ्यांचा माणूस दाखव, ज्याला दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय पायरी उतरता येत नाही! उद्या दरबार भरायच्या आत दाखव. नाहीतर तुझा कारभारी वेशीबाहेर!"

गजरा धर्मशाळेकडं वळली. खोली गेली तर गेली, पण कारभारी? त्याच्यावाचून ती पेठेत कशी जाणार? रात्री धर्मशाळेच्या ओट्यावर तिनं त्याला घट्ट जवळ घेतलं. मग उठली आणि चुलीवर गुळाचा पाक ठेवला.

सकाळी जिन्याखाली ही गर्दी! गजरा कारभाऱ्यामागून जिना चढून वर गेली आणि संभूपुढं हात केला. "चोपदारदादा, देवीचा प्रसाद. नाही म्हणू नका, आणि मोडूही नका हो!"

प्रसादाला नाही कोण म्हणणार? संभूनं मुठीएवढी गुडदाणी अख्खी तोंडात कोंबली. गजरा खाली आली. तेवढ्यात राजे निघाले. संभूनं छाती फुगवली आणि ललकारी दिली, "म्म्म्म् म्म्म्!"

दातच चिकटले की हो!

राजे वरच्या पायरीवर थबकले. एक पाय पुढं केला, मागं घेतला. "संभू! अरे, पायरी कुठाय?"

"म्म्म्!"

गजरा खालून म्हणाली, "सरकार, खाली बघा की! दोन डोळे आहेत!"

"बघतोय!" राजे ओरडले. "नुसतं पोट दिसतंय!"

सगळ्यांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली. गजरानं हलकेच शीळ घातली. कारभारी टणाटण जिना चढला, राजांच्या शेल्याचं टोक दातांत धरलं आणि एकेक पायरी थांबत, मागं वळून बघत त्यांना खाली घेऊन आला. खाली पोचताच शेला सोडून गजराच्या पायाशी बसला.

गजरानं हात जोडले. "सरकार, डोळस माणूस आणलाय हो!"

राजे आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते असे खदाखदा हसले की त्यांना बघून मागोमाग उतरलेल्या संभूलाही हसू फुटलं आणि गुडदाणी टुणकन बाहेर पडली. कारभाऱ्यानं ती वरच्यावर झेलली!

"बाई, हरलो!" राजे डोळे पुसत म्हणाले. "तळमजल्याची कोपऱ्यातली खोली तुझी. आणि माझ्या घरच्या सगळ्या बाजा तूच विणायच्या! पण एक सांग, हा पहाटे भुंकून माझ्या भाडेकरूंची झोप तर मोडणार नाही ना?"

"छे हो, सरकार!" गजरा म्हणाली. "त्या कामाला संभूदादा आहेत की!"

राजे पुन्हा हसत सुटले. हसता हसताच त्यांनी गळ्यातला जरीचा शेला काढला आणि कारभाऱ्याच्या गळ्यात घातला. त्यानं तो आधी हुंगला, मग त्यावरच ऐसपैस आडवा झाला.