भिंतीकडे वळवलेला दिवा

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. बसस्थानकामागे त्यांचा लहानसा स्टुडिओ होता आणि तिथे एक तरुण शिष्य त्यांच्या हाताखाली काम शिकत होता. शिष्य कष्टाळू होता. आपले काम गुरूंना आवडावे, याची त्याला फार ओढ होती.

त्या भागात डोहाळजेवणाच्या दिवशी गर्भवतीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून, हाती फुलांचे धनुष्य देऊन फोटो काढायला आणण्याची पद्धत होती. असा एक फोटो गुरूंनी प्रथमच शिष्याकडे सोपवला. शिष्याने मन लावून आखणी केली. मागे काळा पडदा लावला, खिडक्या झाकल्या. एकच मोठा दिवा त्याने बाजूला, जरासा मागे असा ठेवला, की उजेड नेमका पोटाच्या गोलाईवर पडावा आणि बाकी सारे अंधारात विरून जावे. दिव्याची जागा बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी तो स्वतः पोटाला उशी बांधून आरशासमोर उभा राहिला होता.

दुपारी ती गर्भवती मुलगी आली. सोबत सासू आणि नणंद होत्या.

“वहिनी, धनुष्य वर धर ना!” नणंद म्हणाली. “झाकलेल्या वाट्यांतून तू पेढा उचललास, म्हणजे मुलगाच. नेमबाज व्हायला हवा तो.”

“आणि बर्फी निघाली असती, तर काय लाटणं दिलं असतंस हातात?” सासूबाई म्हणाल्या. “तूही मुलगीच आहेस, विसरलीस वाटतं.”

शिष्य पुढे झाला. “ताई, जरा तिरक्या उभ्या राहा. मान खाली. हात पोटावर.”

ती उभी राहिली, पण तिचा हात पोटावर ठरेना. ती पुन्हा पुन्हा पदर ओढून घेई. शिष्याला वाटले, दिव्याचेच काही चुकते आहे. त्याने तो थोडा सरकवला, पुन्हा सरकवला. अखेर तिने धनुष्य खाली ठेवले.

“मला नाही काढायचा फोटो.”

“अगं, सगळ्या काढतात,” सासूबाई म्हणाल्या. “नजरबिजर काही लागत नाही. मी म्हणते ना!”

कोपऱ्यात बसलेले गुरू उठले. त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवले. “बस आधी, मुली. नाव काय तुझं?”

“वृषाली.”

“फोटोची भीती वाटते का?”

“मागच्या खेपेलाही काढला होता. शहरात. असाच, अंधारात उभं करून. पुढं बाळ राहिलं नाही.”

नणंदेचे हसू मावळले.

“बरी झाल्यावर एकदा तो फोटो बघायला घेतला,” ती म्हणाली. “त्यात माझं तोंडच नव्हतं. नुसतं पोट. आणि आता तेही नव्हतं. मग त्यात बघायचं काय?”

गुरू दिव्यापाशी गेले आणि त्यांनी त्याचे तोंड सरळ भिंतीकडे फिरवले. आता दिव्याची पाठ तिच्याकडे झाली.

शिष्य गडबडला. गुरूंना आता नीट दिसत नाही की काय, अशी शंकाही त्याच्या मनात आली. “गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “दिवा उलटा झाला.”

“असू दे.”

चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड मऊ होऊन खोलीभर पसरला. शिष्याने इतक्या कष्टाने साधलेली पोटाची रेखीव कड नाहीशी झाली. चेहरा मात्र दिसू लागला. डोळ्यांखालचा काळेपणा, वरच्या ओठावरचा घाम, कानावर लोंबणारी मोगऱ्याची एक कळी.

“वृषाली, इकडे बघ. हसली नाहीस तरी चालेल.”

ती हसली नाही. तिने सरळ कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि कोणी न सांगता तिचा हात पोटावर येऊन थांबला. गुरूंनी फोटो काढला.

बायका बाहेर चहा घेत होत्या, तेव्हा शिष्याने विचारले, “गुरुजी, माझी आखणी चुकली का?”

“आखणी सुंदर होती,” गुरू म्हणाले. “उशी बांधून उभा होतास, तेही मी पाहिलं.” शिष्याने मान खाली घातली. “पण उशीवरून गोलाई कळते, बाई कळत नाही. जे बाळ अजून यायचं आहे, त्याचा फोटो कोणालाच काढता येत नाही. ते उद्याचं आहे, आणि उद्या आपल्या हाती नाही. आपल्यासमोर आहे ती आजची बाई. एकदा सगळं गमावून पुन्हा उभी राहिलेली. तिला अंधारात ठेवून आपण उद्यावर उजेड टाकत होतो. मग उद्या पुसला गेला, की तीही पुसली जाते. तिच्या बाबतीत एकदा तसं झालेलं आहे. पुन्हा आपल्या हातून कशाला?”

संध्याकाळी फोटो छापून तयार झाला. वृषालीने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला.

“छान आलाय हो,” सासूबाई म्हणाल्या. “जपून ठेवू. बारशाच्या दिवशी भिंतीवर लावू.”

“नको, आई. आजच लावू.”

“अगं, बाळ येऊ तरी दे.”

“बाळ येईल तेव्हा येईल,” ती म्हणाली. “मी तर आलेलीच आहे ना.”

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तिच्या कानावरची ती कळी नीट केसांत खोचली.

“चल,” त्या म्हणाल्या, “वाटेत खिळा घेऊ.”

शिष्याने त्यांच्यासाठी दार उघडून धरले. “या हं, वृषालीताई,” तो म्हणाला. दिवसभरात त्याने तिचे नाव पहिल्यांदाच घेतले होते.