मुशीच्या पोटावरचा हात

तो बघा, खाडीच्या तोंडाशी दगडी बांध. ओहोटीला मासे आत अडकावेत म्हणून घातलेला, पण मधोमध चार हात फुटका. लाटांनी नाही फोडला, आमच्याच माणसांनी फोडला. काजरोळी गावात तो कुणी बुजवत नाही.

फार जुनी गोष्ट. पोसूबाय गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, असं सांगतात. तिचा एकुलता लेक धर्मा समुद्रात गेला. होडी परत आली, धर्मा नाही. आठव्या दिवशी ओहोटीला बांधाच्या आत, मांडीभर पाण्यात, होडीएवढी मुशी, तुम्ही शार्क म्हणता ती, अडकलेली दिसली. पोट तटतटलेलं.

"माणूस गिळलाय," होडीचा म्होरक्या हिराजी तांडेल म्हणाला. तेव्हा सगळे हेच समजायचे, मुशी म्हणजे माणूसखाऊ. "पोसूबाय, पोर तुझं. पहिला घाव तू घाल. निदान अग्नी तरी देशील."

तिला तेवढंच हवं होतं म्हणे. कोयता घेऊन ती पाण्यात उतरली. दगडांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापला, पाणी लाल झालं. काठावरच्या बायका ओरडल्या, "माघारी फिर गं! रक्ताच्या वासानं धावंल ती!"

मुशी धावली नाही. जागच्या जागी अंग आवळायची, सैल सोडायची. पुन्हा आवळायची.

पोसूबाय थबकली. हे आवळणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं उजवा हात त्या खरखरीत पोटावर ठेवला. आतून काहीतरी सरकलं. मग दुसरीकडेही.

"धर्मा आहे का गं?" तांडेलानं विचारलं.

तिनं दुसरा हातही पोटावर टेकला. मग म्हणाली, "नाही रं. पोरं आहेत. अडलीय ही. बांध फोडा, पाणी येऊ दे."

"येड लागलं म्हातारीला! मासा अंडी घालतो."

"तू पायाळू होतास, हिराजी. तेही याच हातानं ओळखलं होतं. काढ दगड."

तांडेलानं पहिला दगड काढला, मग बाकीचेही बांधाला भिडले. बाहेर भरती लागली होती, पाणी आत घुसलं. आणि पोसूबायच्या पायांपाशी पिल्लू जन्मलं. आधी शेपूट, मग डोकं. दात आलेले, डोळे उघडे, आणि लगेच पोहत निघालं! अशी अकरा झाली म्हणे. मुशीनं कुणाला स्पर्शही केला नाही. फुटक्या बांधातून निघून गेली.

धर्मा कधीच सापडला नाही. पोसूबायनं तिथंच डोक्यावरून पाणी घेतलं. बाळंतपणाचं की सुतकाचं, कुणी विचारलं नाही.

आजही खाडीच्या जाळ्यात फुगल्या पोटाची मुशी आली, की कोयत्याआधी तिला बाईचा हात लागतो. जिचं माणूस समुद्रानं परत दिलं नाही, अशाच बाईचा. आत हललं, तर जाळं कापायचं.

गेल्या चैत्रात मला बोलावलं होतं. हलत होतं आत.