टिटवीचं अंडं आणि नावाचे धागे

खूप खूप पूर्वी प्राणीसुद्धा नटूनथटून जत्रेला जात, तेव्हाची ही गोष्ट. वडाखाली वानरदादा सगळ्यांचं सामान सांभाळी. तो वस्तू ओळीने मांडी आणि ज्याला त्याला नंबर सांगे. वर फांदीवर राहणारी कोळीण मात्र प्रत्येक वस्तूला धागा बांधून त्यावर मालकाचं नाव विणी.

"रांग असताना धागे कशाला गं?" वानरदादा हसे.

टिटवीने आपलं अंडं ठेवलं. "चौथा नंबर, मावशी. जा, झोके घ्या!"

इतक्यात कासव पहिल्या नंबरची टोपी घेऊन गेलं. रांगेत रिकामी जागा नको म्हणून वानरदादाने सगळं सामान एकेक जागा पुढे सरकवलं. झालं! अस्वलाला सशाचं झबलं मिळालं. टिटवीच्या पुढ्यात भोपळा आला.

"हे माझं बाळ?" ती किंचाळली.

"जत्रेत खाऊन वाढलं असेल!" वानरदादा म्हणाला.

तिसऱ्या नंबरचा चेंडू मागायला आलेल्या मुंगसाला अंडं मिळालं होतं. त्याने जिभल्या चाटत आ वासला.

"टिटवी!" कोळिणीने नाव घेतलं आणि तोच धागा ओढला. अंडं मुंगसाच्या तोंडासमोरून निसटलं आणि झुलत झुलत आईच्या पंखात आलं. तिथेच ते फुटलं. पिल्लू बाहेर!

वानरदादा धावत धागा घेऊन आला. "मावशी, यावर नाव काय विणायचं?"

"अजून ठेवलंच नाही रे!"

मग काय, सगळी जत्रा वडाखाली बारशाला बसली. पाळणा म्हणून वानरदादाने आपली शेपटी दिली.